लेबर रूमला १२ तासांची ड्युटी घ्यावी का? ६-६-१२ चं रोस्टर बदलतंय, सल्ला हवा

नाशिकची_स्टाफनर्स:

नमस्कार सगळ्यांना. मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा केलेली सिस्टर) आहे, नाशिकला एका प्रायव्हेट मॅटर्निटी हॉस्पिटलला लेबर रूममध्ये (बाळंतपणाच्या खोलीत) काम करते. आधी जनरल वॉर्ड पण केलाय, एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) पण केलंय, पण माझं मन लेबर रूमलाच रमतं, तिथून हलायचं नाहीये हे आधीच सांगते.

आमच्याकडे डिलिव्हरीचे तीन टेबल आहेत आणि इनचार्ज धरून आम्ही आठ सिस्टर. आत्तापर्यंत सगळीकडे असतं तसंच ६-६-१२ चं रोस्टर, मॉर्निंग ८ ते २, इव्हिनिंग २ ते ८ आणि नाईट रात्री ८ ते सकाळी ८. मॉर्निंगला इनचार्जसकट तिघी, इव्हिनिंगला दोघी, नाईटला एकटी आणि सोबत एक मावशी (मदतनीस). नाईट सलग सहा आणि मग दोन ऑफ. आता मॅनेजमेंटने सांगितलंय की पुढच्या महिन्यापासून दोनच शिफ्ट, ८ ते ८ आणि ८ ते ८, आठवड्याला एक ऑफ. मेट्रन मॅडमनी प्रत्येकीचं मत लेखी मागितलंय, सोमवारपर्यंत द्यायचंय.

आमच्यात दोन गट पडलेत. सिन्नर आणि ओझरवरून येणाऱ्या म्हणतात १२ तासच बरं, रोज इव्हिनिंग सुटल्यावर रात्री एसटीची वाट बघत उभं राहायला नको. बाकीच्यांना भीती वाटते की १२ तास लेबर रूमला उभं राहून आपण टिकणार कशा. माझं बाळ ११ महिन्यांचं आहे, अजून अंगावर पितं, मिस्टर सातपूरला कंपनीत, त्यांना पण शिफ्ट. सासूबाई सांभाळतात पण त्यांचे गुडघे दुखतात, १२ तास त्यांच्यावर टाकणं जिवावर येतं.

आत्ता आहे त्यात पण फार सुख आहे असं नाही, हे पण खरं. पावणेदोनला प्रायमी (पहिलटकरीण) फुल झाली, म्हणजे पिशवीचं तोंड पूर्ण उघडलं, की दोन वाजता ओव्हर (पुढच्या सिस्टरकडे पेशंटचा ताबा) देऊन निघून जाता येतं का, ती बाई सकाळपासून आपलाच हात धरून बसलेली असते, तिला सोडून जाववत नाही, मग निघायला साडेतीन होतात आणि ते कुठेच मोजलं जात नाही. ज्यांनी दोन्ही प्रकार केलेत त्यांनी प्लीज सांगा काय लिहू.

निवृत्त_इनचार्ज_सातारा:

अगं आधी एक विचार. १२ तास की ६ तास हा प्रश्न नंतरचा, आधी हे विचार की आठवड्याला ड्युट्या किती आणि रात्री माणसं किती. मी सरकारी नोकरीत बहुतेक वर्षं लेबर रूमचं रोस्टर स्वतः लावलंय म्हणून सांगते, सगळी गोम या दोन आकड्यात असते आणि नेमकं तेच कोणी कागदावर देत नाही.

हिशोब मांडून बघ. आठवड्याला एक ऑफ म्हणजे सहा ड्युट्या, १२ तासाच्या, म्हणजे ७२ तास. कायद्याची आठवड्याची मर्यादा ४८ तासांची आहे. ४८ तासात १२ तासाच्या चारच ड्युट्या बसतात, पाचवी ओव्हरटाईम, आणि ओव्हरटाईमला दुप्पट दराने पैसे द्यावे लागतात. तुमच्या पत्रकात ओव्हरटाईमचा शब्द तरी आहे का बघ. आता दुसऱ्या बाजूने मोज. दिवसा दोघी आणि रात्री दोघी ठेवायच्या तर आठवड्याला २८ ड्युट्या भराव्या लागतात. प्रत्येकीने चार केल्या तर तुम्ही आठ जणी ३२ भरता, चार ड्युट्या शिल्लक, म्हणजे एक सिस्टर रजेवर गेली तरी निभतं, दोघी गेल्या की खड्डा पडतो. पण प्रत्येकीकडून सहा करून घेतल्या तर त्याच २८ ड्युट्या पाच जणींमध्ये उरकतात. आठच्या जागी पाच. मॅनेजमेंटला १२ तास एवढे गोड का लागतायत ते आता कळलं असेल. उरलेल्या तिघी दुसऱ्या वॉर्डला जातील नाहीतर सोडून गेल्यावर त्यांच्या जागा भरल्या जाणार नाहीत.

आणि दोघी म्हणजे पण खूप झालं असं समजू नको. नर्सिंग कौन्सिलचा नॉर्म दर शिफ्टला टेबलमागे एक सिस्टर असा आहे, वर ३० टक्के लीव्ह रिझर्व्ह, म्हणजे रजेवर जाणाऱ्यांच्या जागी जादा सिस्टर. तुमच्या तीन टेबलला त्या हिशोबाने आठवड्याच्या ४२ ड्युट्या, चार-चार केल्या तरी साडेदहा सिस्टर, रिझर्व्ह धरून १४. आठमध्ये चाललंय ते तुमच्या अंगावर चाललंय.

मात्र जुनं रोस्टर फार चांगलं होतं असंही मी म्हणणार नाही. ६-६-१२ मध्ये मॉर्निंग इव्हिनिंगचा आठवडा ३६ तासांचा दिसतो, छान वाटतं, पण नाईटचा आठवडा सहा गुणिले बारा म्हणजे ७२ चाच असतो, तो सरासरीत लपून जातो. सलग सहा नाईट कोणालाच सोसत नाहीत, तिसऱ्या चौथ्या रात्रीनंतर डोळे उघडे असतात पण डोकं मागे पडतं. मी रोस्टर लावायचे तेव्हा तीन नाईट, मग ऑफ, असं लावायला बघायचे, स्टाफ असेल तेव्हाच जमायचं.

अजून एक गोष्ट पक्की लिहून घे. नाईट करून सकाळी ८ ला उतरलेला दिवस ऑफमध्ये धरायचा नाही. तो दिवस झोपेत जातो, तो नाईटचाच भाग आहे. ऑफ म्हणजे त्याच्या पुढचा पूर्ण दिवस. कित्येक ठिकाणी ही चलाखी चालते, कागदावर दोन ऑफ आणि हातात एकच येतो.

यवतमाळ_एलआर:

ताई मी ग्रामीण रुग्णालयात आहे, आमच्याकडे सरकारी ६-६-१२ च आहे, पण नाईटला मी एकटी नं लेबर रूम, पीएनसी वॉर्ड (बाळंतिणींचा), कॅज्युअल्टी सगळंच बघून राहिली. म्हणून सातारच्या मॅडम म्हणून राहिल्या ते शंभर टक्के खरं, शिफ्ट किती तासाची त्याहून रात्री सोबत दुसरी सिस्टर आहे का ते महत्त्वाचं.

पार्टोग्राफ (कळांच्या प्रगतीचा तक्ता) भरायचा म्हणजे दर अर्ध्या तासाने एफएचएस (पोटातल्या बाळाचे ठोके), कॉन्ट्रॅक्शन (कळा), पल्स, चार तासांनी पीव्ही (आतून तपासणी) आणि बीपी. दोन टेबलवर दोघी ॲक्टिव्ह लेबरमध्ये असल्या की तासाला चार वेळा एफएचएस, कॉन्ट्रॅक्शन, पल्स. त्यात एकीची डिलिव्हरी झाली की मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, बाळ रडलं नाही तर वॉर्मरवर घेऊन बॅग मास्कने श्वास द्यायचा, आणि पुढचे दोन तास दर १५ मिनिटाला बीपी, ब्लीडिंग, युटेरस (गर्भाशय) कडक आहे की नाही ते बघायचं. आता सांगा, एका बाईला दोनच हात नं, दुसऱ्या टेबलवरच्या पेशंटचे एफएचएस कोण ऐकणार? पीपीएच (बाळंतपणानंतरचा जास्त रक्तस्राव) सुरू झाला तर एकीने युटेरस दाबून धरायचा, दुसरीने लाईन लावायची, औषध काढायचं, डॉक्टरला फोन करायचा. मावशी जीव तोडून मदत करतात, पण त्या इंजेक्शन नाही देऊ शकत. एकटीने पीपीएच सांभाळायची वेळ कोणावर येऊ नये.

आणि तुम्ही लेबर रूमला राहायचं म्हणता तर तेही लेखी मागा. केंद्राच्या २०१७ च्या लक्ष्य कार्यक्रमातच (सरकारी लेबर रूम सुधारायचा कार्यक्रम) सांगितलंय की लेबर रूमच्या ट्रेन झालेल्या सिस्टरला दुसऱ्या वॉर्डात फिरवू नका. आमच्याकडे तपासणी जवळ आली की आम्हाला लेबर रूमला ठेवतात, तपासणी झाली की पुन्हा मेडिकल वॉर्ड. प्रायव्हेटला तो कार्यक्रम लागू नसला तरी मुद्दा तोच आहे, हात बसलेली सिस्टर हलवली की नवीनला एफएचएस शोधायलाच वेळ लागतो.

पुणे_१२तासवाली:

मी थोडं वेगळं सांगते, कारण इथे १२ तास म्हणजे वाईटच असं चित्र व्हायला लागलंय. मी आधी ६-६-१२ केलंय, आता पुण्याला मोठ्या हॉस्पिटलमध्ये लेबर रूमलाच ८ ते ८ करते आणि मला परत मागे जायचं नाहीये. पण आमच्याकडे आठवड्याला चारच ड्युट्या आहेत, हे आधी नीट वाचा.

लेबर रूमसाठी १२ तासाचा खरा फायदा म्हणजे ओव्हर कमी होतात. तीन शिफ्टमध्ये प्रायमीच्या एका लेबरमध्ये दोन वेळा तरी सिस्टर बदलते, कधी तीन वेळा. प्रत्येक ओव्हरला काहीतरी गळतं, पाणी किती वाजता गेलं, शेवटचं पीव्ही कोणी केलं आणि किती सेंटिमीटर होतं, रक्तगट आरएच निगेटिव्ह आहे का, ड्रिप किती थेंबांवर आहे, ब्लड सांगून ठेवलंय का. १२ तासात बऱ्याच वेळा जिने ॲडमिट केली तिच्याच हातून डिलिव्हरी होते, पेशंटला पण धीर राहतो कारण तोच चेहरा समोर असतो. तुम्ही लिहिलंय ना पावणेदोनला फुल झालेल्या बाईला सोडून जाववत नाही, ते आम्हाला दिवसातून दोनदाच होतं.

आमच्याकडे ओव्हर बेडजवळ होतो, काउंटरवर नाही. जाणारी आणि येणारी दोघी पेशंटपाशी उभ्या राहून एफएचएस दोघी ऐकतात, पॅड बघतात, ड्रिप मोजतात, मग इमर्जन्सी ट्रे, ऑक्सिजन, बेबी वॉर्मर आणि गॉज काउंट. त्याला वेळ लागतो म्हणून येणाऱ्या शिफ्टला पंधरा वीस मिनिटं आधी बोलावतात आणि तो वेळ पगारात धरतात. तुमच्याकडे तो वेळ फुकटात जाणार असेल तर १२ तासाचे रोजचे जवळपास साडेबारा होतात.

तोटे पण सांगते, लपवायचं काही नाही. आठव्या नवव्या तासाला पाय भरून येतात, व्हेरिकोज व्हेन्स असतील तर स्टॉकिंग घालाच. ज्या दिवशी ड्युटी त्या दिवशी घर नाही असं समजायचं, त्या दिवशी बाळ झोपलेलंच दिसतं. नाईटला आम्हाला आळीपाळीने विश्रांती मिळते कारण दोघी असतो, एकटी असते तर मी हे केलंच नसतं. आणि हॉस्पिटलची गाडी रात्री ८ ला सुटणाऱ्यांना घरापर्यंत सोडते. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याला आरजी कर हॉस्पिटलमध्ये ड्युटीवरच्या डॉक्टर मुलीवर बलात्कार आणि तिचा खून झाला त्यानंतर आमच्या सगळ्यांच्या घरचे घाबरले होते, तेव्हा आम्ही मागणी लावून धरली, गाडी आणि ड्युटी रूमला आतून कडी या दोन गोष्टी मिळवल्या.

तुमचं बाळ ११ महिन्यांचं आहे तर हे तुमच्या हक्काचं आहे, बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत कायद्याने रोज दोन फीडिंग ब्रेक मिळतात, जेवणाच्या सुट्टीच्या वर. आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर पण द्यावं लागतं, दिवसातून चार वेळा बाळाला बघायला जायची मुभा असते. बाळ घरी असेल तर त्या ब्रेकमध्ये पंपाने दूध काढून फ्रिजला ठेवा, न काढता १२ तास राहिलं तर गाठी होतात, ताप येतो, दूधही कमी होतं. आपण पीएनसीला सगळ्या आयांना हेच शिकवतो ना, मग स्वतःसाठी मागायला संकोच करू नका.

बर्मिंगहॅमकर:

मी मूळची कोल्हापूरची, आता यूकेला एनएचएसमध्ये (तिथली सरकारी आरोग्यसेवा) मॅटर्निटी थिएटरच्या रिकव्हरीला (ऑपरेशननंतर पेशंट ठेवतात तिथे) आहे. इथे लेबर वॉर्ड मिडवाइफचा (बाळंतपणाचं वेगळं शिक्षण घेतलेल्यांचा) असतो, आपल्याकडून नर्स म्हणून आलेल्यांना मिडवाइफचं वेगळं रजिस्ट्रेशन केल्याशिवाय तिथे डिलिव्हरी घेता येत नाही, म्हणून बाहेर येऊन लेबर रूमच करायचं ज्यांच्या मनात आहे त्यांनी हे आधी लक्षात घ्या, मला इथे येऊन त्याचं फार वाईट वाटलं होतं.

रोस्टरबद्दल, आमच्याकडे पण लाँग डेच आहेत, सकाळी साडेसात ते रात्री आठ आणि नाईट साडेसात ते सकाळी आठ. पण एक तास ब्रेक वजा करून साडेअकरा तास धरतात आणि आठवड्याचा करार साडेसदतीस तासांचा, म्हणजे चार आठवड्यात १५० तास, त्यात १३ ड्युट्या बसतात. १३! तुमच्या मॅनेजमेंटच्या हिशोबाने त्याच चार आठवड्यात २४ होतात. १२ तासाचं नाव घेताना परदेशात असंच आहे असं कोणी सांगत असेल तर हा आकडा पुढे करा. दोन शिफ्टमध्ये ११ तास विश्रांती कायद्याने आहे आणि नाईट करणाऱ्यांची तब्येतीची तपासणी मालकाने फुकट द्यायची असते.

एवढं असूनही इथे १२ तासांबद्दल तक्रारी आहेतच. अमेरिकेतल्या २००४ च्या एका अभ्यासात नर्सनी स्वतः नोंदवलेल्या चुका मोजल्या होत्या, ड्युटी साडेबारा तास किंवा त्याच्या वर गेली की चूक होण्याची शक्यता तिप्पट दिसली. म्हणून ८ ला सुटायचं म्हणजे ८ ला सुटायचं, लेबर रूममध्ये हे अवघड आहे मला माहितीये पण १२ तासांच्या वर जाणारा प्रत्येक तास महागात पडतो.

आणि यवतमाळच्या ताईंनी रात्रीचं लिहिलंय त्याला जोडून. इंग्लंडमध्ये २००५ ते २०१४ मधल्या जन्मांच्या वेळा तपासल्या होत्या, आपोआप कळा येऊन आपोआप झालेल्या डिलिव्हरी रात्री १ ते सकाळी ७ च्या दरम्यान सगळ्यात जास्त, आणि पहाटे ४ च्या आसपास सर्वात वर. दुपारी सगळ्यात कमी. आपल्या लेबर रूमला काम केलेल्या कोणालाही हे सांगायची गरज नाही. तरी आपण मॉर्निंगला तिघी ठेवतो आणि पहाटे ४ ला एकटी, कारण मॉर्निंगला राउंड असतो, रजिस्टर असतात, सिझेरियन लावलेले असतात, मोठे डॉक्टर फिरत असतात. रोस्टर डॉक्टरांच्या वेळेवर लागतं, बाळंतिणीच्या वेळेवर नाही. मला याचा खरंच राग येतो.

नाशिकची_स्टाफनर्स:

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी सांगेल वाटलं नव्हतं. आज ड्युटीवर मी सातारच्या मॅडमचा २८ आणि पाचचा हिशोब आमच्या इनचार्ज सिस्टरला दाखवला, त्या बराच वेळ बघत बसल्या आणि म्हणाल्या हे मलाच आधी सांगायला हवं होतं. सिन्नरवाली मैत्रीण पण म्हणाली की तिला १२ तास हवेत ते चार ड्युट्यांचे, सहाचे नकोत, सहा ड्युट्या असतील तर तिच्या एसटीच्या खेपा पण कमी होत नाहीत. म्हणजे आमचे दोन गट खरं तर नव्हतेच.

एक शंका आहे. मॅनेजमेंट म्हणेल चार ड्युट्या घेता तर पगार पण त्या प्रमाणात कमी. तेव्हा काय म्हणायचं? आणि फीडिंग ब्रेकबद्दल लिहिलं तर कामचोर म्हणतील का अशी भीती वाटते.

निवृत्त_इनचार्ज_सातारा:

पगार कमी कशाचा, ४८ तास म्हणजे पूर्ण आठवडा, अर्धवेळ नाही. उलट आत्ता मॉर्निंग इव्हिनिंगच्या आठवड्यात ३६ तास भरतात त्यापेक्षा जास्तच देताय. सुप्रीम कोर्टाने प्रायव्हेट नर्सच्या पगाराचा विषय घेतल्यावर २०१६ मध्ये केंद्राने समिती नेमली होती, जगदीश प्रसाद समिती, तिने ५० पेक्षा कमी बेड असले तरी महिना २० हजाराच्या खाली पगार नको असं सांगितलं, मोठ्या हॉस्पिटलला सरकारी पगाराच्या जवळ, आणि कामाचे तास, रजा, प्रवास, राहण्याची सोय राज्य सरकारच्या नर्ससारखी असावी असं पण सांगितलं. शिफारस आहे, सगळीकडे पाळली जात नाही, पण पत्रात उल्लेख कर, वाचणाऱ्याला कळतं की समोरच्यांना माहिती आहे.

पत्र एकटीच्या नावाने देऊ नको, आठ जणींच्या सहीचं एकच दे. १२ तास आम्हाला मान्य, पुढील अटींवर, असं लिहा, नुसता नकार दिला की तुम्हाला आडमुठ्या ठरवणं सोपं जातं. आठवड्याला चार ड्युट्या, रात्री कमीत कमी दोन ट्रेन सिस्टर, सलग तीनपेक्षा जास्त नाईट नाही, उतरलेला दिवस ऑफमध्ये धरायचा नाही, ओव्हरची वेळ पगारात, रात्री ८ ला सुटणाऱ्यांना गाडी, रोस्टर १५ दिवस आधी लागलं पाहिजे आणि ड्युटीची अदलाबदल त्या दोघी सिस्टरच्या संमतीने. दोन प्रती काढ, एकीवर आवक शिक्का घे आणि ती घरी ठेव.

फीडिंग ब्रेक त्या पत्रात घालू नको, तो हक्क सगळ्याच आयांचा असला तरी अर्ज तुझा वेगळा असू दे, बाळाच्या जन्माच्या दाखल्याची झेरॉक्स जोडून. कामचोर म्हणणारे म्हणू देत. त्या ब्रेकला तुझं टेबल कोण बघणार एवढं मात्र आधी ठरवून ठेव, लेबर रूम आहे ती, पेशंट सोडून उठायचं नाही.

पुणे_१२तासवाली:

गाडीच्या अटीत ठिकाणं नावासकट लिहा, सिन्नर, ओझर, सातपूर, नाहीतर मेन रोडला सोडून देतात. आणि रोस्टर लागल्यावर पहिल्या महिन्यात कोणी किती वाजता आली आणि खरंच किती वाजता सुटली याची एक वही ठेवा, रोज सही करून. आमच्याकडे दुसरी नाईट सिस्टर त्या वहीमुळेच मिळाली.

नाशिकची_स्टाफनर्स:

वही उद्यापासूनच सुरू करते, जुनं रोस्टर आहे तोपर्यंतची पण नोंद होईल. पत्र आज रात्री मिस्टरांकडून टाइप करून घेते. मॉर्निंगच्या तिघी सही द्यायला तयार आहेत, इव्हिनिंगच्या दोघींना उद्या ओव्हरला भेटते, नाईटवाल्या सिस्टरला सकाळी ८ ला उतरताना गाठायचंय, ती गेले चार दिवस एकटीच आहे. उरलेल्या दोघी ऑफला आहेत, त्यांना फोन करते. सोमवारी काय होतं ते इथेच लिहीन.